पेन्सिलची फुली

३ जून

श्री. यांस,
सविनय नमस्कार.

घटस्फोटाच्या दाव्यात मी वकील केलेला नाही. परवडत नाही. कोर्टातल्या कारकुनांनी सांगितलं, कागद आधी नवऱ्याकडे लेखी मागा, नाही दिले तर न्यायाधीश मागतील. म्हणून लिहिते आहे. तुमच्या पगाराच्या पावत्या, बँकेचे खातेउतारे आणि घराची कागदपत्रं यांच्या प्रती पाठवाव्यात. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घड्याळदुरुस्तीचं दुकान विकून आपल्या घरासाठी पैसे दिले, हे मला कोर्टात दाखवायचं आहे. अण्णा गेले त्या आठवड्यात तुम्ही ज्या कागदावर माझी सही घेतलीत, त्याचीही प्रत हवी. तो मी वाचला नव्हता.

लोभ मागत नाही, कागद मागते.
कायद्यानं अजून तुमची पत्नी

१२ जून

चि. सौ. मास्तरीणबाई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘श्री. यांस’ वाचून वाटलं, विजेचं बिल थकलं की काय. ‘अहो’ सुटलं वाटतं! चौथीच्या पोरांना भागाकार शिकवणं वेगळं आणि खातेउतारा वाचणं वेगळं. इतकी वर्षं घरातला एक कागद तुला वाचावासा वाटला नाही. मी पेन्सिलनं फुली करायची, तू तिथे सही करायचीस, छान चाललं होतं. अण्णा सज्जन होते, दिलं ते प्रेमानं दिलं. त्यांना यात कशाला ओढतेस? आणि तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. घरातला तुझा हिस्सा तू राजीखुशीनं मला सोडलास. विषय संपला.

तब्येतीला जप. लोभ आहे तेवढा पुरे.
तुझाच

२० जून

श्री. यांस,
सविनय नमस्कार.

तुम्ही सही घेतलीत तेव्हा मी अण्णांचे कपडे बांधून नुकती परतले होते. तुम्ही म्हणालात, बँकेचं काहीतरी आहे. चहाही तुम्हीच केलात. एरवी कधी केला नव्हता, म्हणून लक्षात राहिलं.

अण्णांना मी ओढलेलं नाही. त्यांचं दुकान त्या भिंतींत गेलं आहे. मागणी तीच आहे. पत्राची पोच जपून ठेवली आहे, पुढच्या तारखेला दाखवीन.

कळावे.

२९ जून

चि. सौ. हिस,
आशीर्वाद.

धमक्या नकोत. पावत्या आणि उतारे सोबत आहेत, वाच समजलं तर. हक्कसोडपत्राची प्रत घेऊन काय करणार? त्यावर तू माहेरच्या नावानं सही करून ठेवलीस. लग्नाला इतकी वर्षं होऊन! नोंदणी कचेरीनं कागद परत केला. तुझं रडणं बघून मी तेव्हा बोललो नाही, हा माझा चांगुलपणा. आता नवा कागद पाठवतो आहे. फुली केली आहे. या वेळी सासरचं नाव लिही आणि टपालानं परत कर, म्हणजे दोघंही मोकळे.

तुझाच

६ जुलै

श्री. यांस,
सविनय नमस्कार.

पाकीट मिळालं. या वेळी कागद वाचला. सही केलेली नाही. घरातला माझा हिस्सा अजून माझ्याच नावावर आहे, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. ते पत्र आणि हा कागद, दोन्ही न्यायाधीशांपुढे ठेवणार आहे.

माहेरचं नाव मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्या दिवशी हाताला अण्णांचंच नाव आलं.

फुली पुसलेली नाही. तुमच्या हातची आहे, दिसू दे.

लोभ होता.
अण्णांची मुलगी