नाताळपर्यंत एकही रविवार नाही

नोएडा, ६ ऑक्टोबर १९९७

ती. कुमुदिनीताई हीस,
धाकट्या पद्माकरचा प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझे चिरंजीव प्रसन्न काल आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘देवाने दिलेला वेळ कसा वापरावा’ यावर बोलले. गाझियाबादहून आलेली माणसंसुद्धा खिळून बसली होती. मी जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं, पण इतक्यांना एकदम जागं ठेवणं मला साधलं नाही.

नंतर चहाला त्याला बाजूला घेऊन म्हटलं, नगरला आईला भेटून ये. तर म्हणाला, मामा, नाताळपर्यंत एकही रविवार खाली नाही, शनिवारी गायनाचा सराव, ऑफिसात नवं प्रोजेक्ट. नाताळनंतर बिल्कुल जातो. माझं डोकंच फिरलं. डॉक्टर म्हणतात तुला नाताळ दिसणं कठीण, आणि हे त्याला सांगायचं नाही असं तू माझ्याकडून वचन घेतलंस! संताप त्याचा जास्त की तुझा, ठरत नाही. मला मोकळं कर.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेला,
पद्माकर


अहमदनगर, १३ ऑक्टोबर

चि. पद्माकर यास,
अनेक आशीर्वाद व सलाम.

मुळीच मोकळं करणार नाही. तो प्रभूची सेवा करतोय. तो लहानपणी तापाने फणफणलेला असताना मी त्याला शेजारणीकडे टाकून मिशन हॉस्पिटलात रात्रपाळीला जात होते; सेवाच होती तीही. आता कुठल्या तोंडाने बोलावू? आणि दया म्हणून आलेला मुलगा मला नको. त्याला पत्राने नाही, फोनवर नाही, आडून सुचवणंही नाही. तुझं संस्कृत पोरांवर चालव.

औषध वेळेवर घेते. काळजी करू नये, ही ताईची आज्ञा.
कुमुदिनी


नोएडा, २० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

मी त्याला अक्षरही सांगितलं नाही. मी देवाला सांगितलं.

आमच्याकडे उपदेशानंतर ज्याने त्याने उभं राहून आपली अडचण मांडायची आणि चालकाने त्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची, अशी रीत आहे. काल चालक प्रसन्नच होता. वेळ थोडा आहे, थोडक्यात सांगा, असं त्याने बजावलंही. मी उठलो आणि म्हणालो, माझी बहीण फार दिवसांची सोबती नाही, ती कुणाला बोलावत नाही, तिला एकटीने जावं लागू नये. त्याने सवयीने डोळे मिटले, सुरुवात केली की हे दयाळू पित्या, मामांच्या बहिणीला... आणि तिथेच थांबला. मामांना बहीण एकच.

सगळी मंडळी माना खाली घालून वाट बघत राहिली. शेवटी आमेन मीच म्हणालो. तो तसाच स्टेशनवर गेला.

रागाला सर्वस्वी पात्र,
पद्माकर


अहमदनगर, २८ ऑक्टोबर

चि. पद्माकर यास,
आशीर्वाद देत नाही.

लबाडा, चारचौघांत लेकराची वाचा घालवलीस! माझ्या शब्दाची ही किंमत? पुन्हा तोंड दाखवू नकोस. दाखवायचंच तर लवकर ये.

प्रसन्न आल्यापासून एक काम धड करत नाही. नुसता पलंगाशी बसतो. तिथली तुझी मंडळी खोळंबली असेल म्हटलं, तर हसला. मग शेजारीण, ताप, रात्रपाळ्या, सगळं निघालं. तोही भांडला, मीही भांडले. चुलीवरचा भात करपला. असे दिवस वाया घालवतोय, म्हणून मी त्याला रोज ओरडते. तू मात्र त्याला परत बोलावशील तर खबरदार.

लोभ वाढवायला आता वेळ नाही. आहे तो तसाच असू दे.
कुमुदिनी