चौकी सापडली

७ फेब्रुवारी १९८३
पोचलो बुवा एकदाचे नागपूरला! मी सांगलीचा, वाटलं होतं, इथे नुसतं ऊन. ऊन अजून यायचंय, संत्री मात्र टोपलीभर आली. घर सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली घरमालकीण जिजाबाई, वर आम्ही दोघं आणि गच्ची. जिजाबाईंनी पहिल्याच जेवणात असा रस्सा वाढला की माझ्या कानांतून धूर निघाला आणि माझी बायको पुष्पलता हसून हसून बेजार झाली. म्हातारीला मूलबाळ नाही. तासाभरात पुष्पाला ‘ये वं पोरी’ करून मोकळी! पुष्पाचं हसू असंच राहिलं तर आयुष्यात मला दुसरं काही नको.

१० फेब्रुवारी
कामाबद्दल लिहायला मनाई आहे, पण ही वही वाचतंय कोण! केंद्र शहराबाहेरच्या टेकडीवर. लष्कराचा एक लहानसा प्रायोगिक उपग्रह, धान्याच्या कोठीएवढा, रोज भर दुपारी डोक्यावरून जातो. शत्रूची चौकी दिसली की थेट आघाडीवरच्या कमांडरला कळवायचं, दिल्लीला विचारत बसायचं नाही. आता सरावाला खरी चौकी आणणार कुठून? म्हणून माळावर पांढरी कापडं अंथरतो आणि यंत्राला शिकवतो की पांढरा चौकोन म्हणजे चौकी. यंत्र छापतं, ‘चौकी सापडली.’ राजस्थानात सरावाला बसलेला कमांडर उलट कळवतो, ‘मिळालं. कारवाई करतो.’ मग आम्ही कापड उचलायचं की दुसऱ्या दुपारी ‘चौकी साफ.’ निव्वळ पोरखेळ. माझे वरिष्ठ भैय्याजी इथलेच. म्हणतात, सरकार पैसे देऊन राहिलं, आपण चादरी वाळवून राहिलो.

३० मार्च
सराव संपला. कमांडरचा उत्तरं पाठवायचा वायरलेस सेट खोक्यात खिळे ठोकून परत आला आणि स्टोअरमध्ये पडला. उपग्रह आपला फिरतोय, आम्ही नुसती नोंद ठेवतो. ऊन असं की चपलेतून पाय भाजतात. गल्लीत वाळवणं सुरू झाली. जिजाबाई आणि पुष्पा पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवतात, मी ताटलीभर खातो आणि शिव्याही खातो.

१८ एप्रिल
आज पोट दुखेस्तोवर हसलो. यंत्राने छापलं, ‘चौकी सापडली’, आणि जागा कुठली? आमच्या गल्लीतल्या धोंडबा दूधवाल्याची गच्ची! पांढऱ्या धोतरावर कुरडया घातलेल्या. यंत्राला आम्ही हिवाळ्यात शिकवलं. वाळवणाची आठवण एकाही शहाण्याला झाली नाही. भैय्याजी म्हणाले, धोंडबाले परमवीर चक्र द्या.
मग खालची ओळ वाचली. ‘मिळालं. कारवाई करतो.’
भैय्याजींनी स्टोअर उघडलं. कमांडरच्या सेटचं खोकं तसंच होतं, खिळ्यांसकट.

१९ एप्रिल
धोंडबा गेला. सकाळी गच्चीवर कुरडया पालथ्या घालताना पडला. डॉक्टर म्हणाले, लू लागली, म्हणजे उष्माघात. दुपारी यंत्राने छापलं, ‘चौकी साफ.’ त्याखाली लगेच दुसरी चौकी – धोंडबाचंच अंगण. पांढऱ्या कापडाखाली त्याला तिथे ठेवलं होतं, नातेवाईक यायचे होते म्हणून.
पुन्हा तेच उत्तर. ‘मिळालं.’

२० एप्रिल
धोंडबाची बायको गेली, भाऊही गेला. दोघंही काल प्रेताजवळ बसले होते. लू, म्हणे. घरात बसून रात्री लू लागते का?

२३ एप्रिल
वर कळवलं. उत्तर आलं, यंत्रातला दोष, दुर्लक्ष करा. आम्ही उपग्रहाला बंद व्हायचा हुकूम पाठवला. उपग्रह गप्प. कमांडरचंच उत्तर आलं. ‘कारवाई सुरू आहे.’
इतके दिवस आम्ही विचारलंच नाही, हा कमांडर नेमका कोणाचा.

२ मे
भैय्याजी गेले. त्यांच्या आईने पांढऱ्या कापडावर मूगवड्या घातल्या होत्या – घरी बजावून सांगितलं होतं त्यांनी –
मी गच्चीगच्चीवर जाऊन कापडं उचला म्हणून हात जोडले. पोरं मागे लागली. बायका हसल्या. एकीने हाकललंच. पुष्पाला म्हटलं, सांगलीला जा. ती म्हणाली, तुम्हाला असं सोडून? माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघत होती.
जिजाबाई म्हणाल्या, काहून गा बाप्पा, कापडाले भेतं का कोनी? पण माझं तोंड बघून कापड उचललं त्यांनी. देव भलं करो.

८ मे
‘चौकी सापडली.’ आमची गच्ची.
मी कामावर गेलो तेव्हा चीक तयार होता. आंबेल म्हणून म्हातारीने घातल्या कुरडया. सायकल मारत आलो. पुष्पा खालीच होती, वर गेलीच नव्हती. तिला मिठी मारून रडलो.
जिजाबाई वर होत्या.

९ मे
जिजाबाई गेल्या. पहाटे. त्यांचा भाऊ चंद्रपूरहून निघालाय, तोवर थांबायचं म्हणे. अंगणात – पांढरं कापड –
मी कापड ओढलं. काळं घोंगडं टाकत होतो. लोकांनी धरलं मला. मेलेल्या बाईचं वस्त्र ओढतो, म्हणून मारलं. खोलीत कोंडलंय. कडी बाहेरून.
खिडकीतून अंगण दिसतं. पुष्पा उशाशी बसली आहे. म्हातारीला इथे दुसरं कोण होतं, असं म्हणून बसली आहे. ओरडून घसा बसला. ती वर बघून खुणावते, पडून राहा.

दुपार झाली, सावली सरकली. भर उन्हात आहे ती. कुणी तरी तिला हलवा –

प्रेताला सावलीत नेताहेत. चौघांनी उचललं. देवा, नेताहेत! कापडही गेलं. अंगण मोकळं –
पुष्पा तिथेच बसली आहे. उठवत नाहीये तिला. ऊन फार म्हणून एका बाईने पंचा आणला – ओला करून – तिच्या डोक्यावर –
पांढरा –
पुष्पा, काढ तो. पुष्पा, वर बघू नको, काढ –