नळ, नीला आणि मामांची अट

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद बसल्या जागेवरूनच द्यावा, तुमची कंबर बरी होईपर्यंत वाकण्याचे काम दोघांच्या वतीने मीच करीन.) डाव्या पायातली कळ पोटरीशी थांबते की टाचेपर्यंत उतरते, तेही कळवावे. पत्र मामींच्या आज्ञेवरून लिहीत आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेला तुम्ही होकार दिलात, पण मी त्या खोलीत नसावे अशी अट घातलीत. मामींना मात्र आत घरचाच माणूस हवा आहे. तेव्हा माझी बाजू सविस्तर मांडतो.

दुखणे पाठीत असताना चीर पोटावर का, हा तुमचा प्रश्न जन्मभर भूगोल शिकवणाऱ्याला शोभणाराच आहे. झिजलेली चकती मणक्यांच्या पुढच्या अंगाने जशी पूर्ण हाती लागते, तशी मागून लागत नाही. मागे मज्जातंतूंची दाटी. पुढून जाताना आतड्यांची पिशवी आड येते. ती न उघडता, झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवावे तशी बाजूला सारतात. मग खरी अडचण दिसते. कण्याला चिकटून शरीरातली सर्वांत मोठी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, आणि तिच्या शेजारी ते परत नेणारी नीला. रोहिणी जाड सालीची, ठोके देऊन स्वतःचा पत्ता सांगणारी. नीला ओल्या कागदासारखी पातळ, दाबली की चपटी होऊन दिसेनाशी होणारी. मणकेवाले डॉक्टर हाडांच्या बाबतीत वाघ, पण या दोघींना हलवायला ते आमच्यासारख्या रक्तवाहिन्यांच्या माणसाला हाक मारतात. आम्ही आडव्या येणाऱ्या बारीक शाखा बांधतो, नीला अलगद सरकवतो आणि त्यांचे काम संपेपर्यंत तिच्यावरची नजर हलवत नाही. चकती निघते, नवा आधार बसतो, पेढे त्यांना मिळतात. काहीच घडले नाही, एवढेच आमचे कर्तृत्व. (मला हे काम फार आवडते, हे एव्हाना लक्षात आले असेल.)

आता तुमच्या घरी हेच समजावायला बसलो होतो, त्या रविवारविषयी. तुमच्या सिंकखालच्या कपाटाइतके सुंदर उदाहरण मला वैद्यकीय महाविद्यालयातही मिळाले नव्हते. मागची भिंत म्हणजे कणा, तडकलेली फरशी म्हणजे चकती, पुढचे दोन पाइप म्हणजे रोहिणी आणि नीला. फरशी बदलणारा तो मणकेवाला आणि पाइप धरून बसणारा तो मी. इथवर तुम्ही मान डोलावत होता. मग, किती हळुवारपणे सरकवायचे ते दाखवावे म्हणून मी पाइपला हात लावला आणि तो माझ्या हातातच आला. स्वयंपाकघरभर पाणी झाले, पुढचे सर्वांना ठाऊक आहे. आधाराशिवाय उठू न शकणारे तुम्ही खुर्चीवर चढलात, आणि मामींनी शांतपणे विचारले की आता ऑपरेशनची गरज उरली आहे का. मी मुख्य नळ शोधत असताना तुम्ही खुर्चीवरूनच निकाल दिलात, “ऑपरेशन करतो. पण तू बाहेर बसायचं.”

मामा, पाइपला भिंत सोडायची घाई असते, नीलेला नसते. तो माणसाचा हात ओळखत नाही. मी नीलेचा स्वभाव ओळखतो. एका पाइपावरून माझ्या साऱ्या कामाचे माप काढू नये, एवढीच विनंती.

मामींना नमस्कार. हे पत्र त्यांनी मोठ्याने वाचून दाखवावे.

तुमचा भाचा

ता. क. (हा वेगळा कागद फक्त तुमच्यासाठी.) वरचे सगळे पटले तरी अट सोडू नका. काल तुमच्या स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. नीला नेमकी त्या चकतीवर पसरलेली आहे. परक्याची असती तर पाहून जेवायला गेलो असतो. तुमची होती, तासभर पुन्हा पुन्हा पाहत बसलो आणि जेवण राहून गेले. मामींना हे सांगवत नाही. माझ्या जागी माझी सहकारी असेल. तिला आम्ही कासव म्हणतो. तिला घाई करताना कुणी पाहिलेले नाही. मी मामींपाशी बाहेर बसेन आणि काहीही समजावून सांगणार नाही.

आणखी एक. नळवाला म्हणाला, पाइपचे आटे आधीच झिजलेले होते, माझा काहीच दोष नव्हता. हे मामींना मुळीच कळू देऊ नका.