लिहून देणार

बुलढाणा,
१० नोव्हेंबर १९६५

प्रिय द्वारका,

कार्डाऐवजी पाकीट आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. सुनेला लिहिताना आधी चार ओळी मायना लिहायचा असतो हे मला समजतं, पण आज जागा पुरायची नाही. सहदेवला हे पत्र तू वाचल्यावर दे. तो ड्यूटीवरून थकून येतो आणि अर्धंच वाचून रागावतो.

तू मागच्या पत्रात विचारलंस की बाबांचं अक्षर असं वाकडं का झालं, आणि ते 'आशीर्वाद' चुकीचा का लिहायला लागले. त्याचं उत्तर देतोच. आधी खुशाली सांगतो. थंडी पडायला लागली आहे. घरमालकीण जनकाबाईंनी सीताफळं पाठवली होती, ती बरीच किडकी निघाली. माझ्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधतो, थोडा फरक आहे. तुझे बाबा जेवतात. भाकरी मी करतो, कारण विस्तव आता त्यांच्याजवळ ठेवत नाही.

बघ, लिहून गेलोच. दिवाळीआधीची दोन्ही पत्रं मी लिहिली, बेटा. माझी शाळा चौथीपर्यंत, तुझे बाबा व्हर्नाक्युलर फायनल पास. चोरी पकडली जाणार हे मला माहीत होतं. त्यांना मी कागद आणि टाक देत होतो. ते 'प्रिय' असं सुंदर लिहायचे आणि पुढे कोणाला काय लिहायचं ते त्यांना सापडायचं नाही. तासभर तसेच बसायचे. मग मी कागद काढून घेत होतो.

तुला आमचा करारनामा आठवतो का? तू तेव्हा हसली होतीस. चार वर्षांपूर्वी तुम्ही दोघं भिलाईला गेलात, मी इथे एकटा, ते तिकडे मेहकरकडे एकटे. मी म्हटलं, या इकडे, एका खोलीत दोन खाटा मावतात. तर ते म्हणाले, "पुंजाजी, लेकीच्या घरचं पानी बी पेत नाही मी, अन् तिच्या सासऱ्याजवळ राहू? लोक तोंडात शेण घालतील." तुला अजून मूलबाळ नाही, हे मी दुखवायला लिहीत नाही, पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. म्हणून मीच तोड काढली. पाहुणा म्हणून नको, वाटेकरी म्हणून या. तसा कागद करू.

कचेरीसमोरच्या लिंबाखाली गुलाम रसूल अर्जनवीस बसतो, त्याच्याकडे गेलो. त्याने पहिलंच विचारलं, लिहून देणार कोण आणि लिहून घेणार कोण? तुझे बाबा म्हणाले, "म्या पोरगी देली. आता अजून काय लिहून देऊ?" मीही अडून बसलो. सव्वीस वर्षं कोर्टात बेलीफ होतो, लिहून देणाऱ्याच्या दारावर काय काय चिकटतं ते मी स्वतःच्या हाताने चिकटवलं आहे. शेवटी गुलाम रसूलने टाक खाली ठेवला. "अरे बुढेहो, कागद करून राह्यले का लगीन लावून राह्यले? मानपान घरी ठेवून या." मग त्याने दोघांनाही देणार-घेणार केलं.

कलमं आम्ही सांगत गेलो. पाणी एकेकाने एक दिवसाआड भरावं. घोरणाऱ्याला लाथ मारू नये, हाक मारावी. चौथं कलम तुझ्या बाबांचं, की घरात कोणी कोणाला व्याही म्हणू नये, आणि 'खोलीच्या वाट्याखेरीज आमचा एकमेकांशी काही संबंध नाही'. नववं माझं. दोघांपैकी एकाची मर्जी फिरल्यास त्याने दुसऱ्यास एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, दुसऱ्याने खोली सोडावी. ते माझ्याकडे आश्रित आहेत असं त्यांना वाटू नये, त्यांनाही मला बाहेर काढता यावं, म्हणून मी ते घातलं. खाली नेहमीप्रमाणे, 'हा लेख आम्ही राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहिला.' येताना त्यांनी मला जिलबी खाऊ घातली आणि माझ्या सहीतला दीर्घ सुधारून दिला.

आता खरं सांगतो. मागच्या उन्हाळ्यापासून ते मला ओळखत नाहीत. पहिल्यांदा पाणी घेऊन आलो तर काठी घेऊन उंबऱ्यात उभे. "कोन हाय बे तू? माह्या घरात काऊन शिरून राह्यला?" व्याह्याला 'बे' म्हणणारा माणूस नव्हे तो. मी घागर खाली ठेवली आणि पेटीतला करारनामा काढून दिला. वाचायला मात्र त्यांना अजून येतं, बाई, एक अक्षर चुकत नाही. वाचला, स्वतःची सही ओळखली, काठी भिंतीला लावली आणि म्हणाले, "कागद हाय तं बसा मंग." तेव्हापासून रोज सकाळी मी कागद देतो, ते वाचतात आणि मला त्या दिवसापुरतं राहू देतात. घडीवर कागद फाटायला आला आहे. मागून खळीने पट्टी लावली आहे.

श्रावणात मी एकदा चूक केली. सांगून टाकलं की मी तुमचा व्याही, द्वारकेचा सासरा. त्यांनी कागदात शोधलं. चौथ्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, असं कुठे आहे? मग तुझा लग्नातला फोटो दाखवला. तुला ते लगेच ओळखतात. त्या फोटोत तुझ्या बाजूला मी उभा आहे. तो पाहिल्यावर त्यांचा चेहरा पडला. "लेकीच्या सासऱ्याघरी राह्यलो मी?" म्हणाले आणि धोतरं गाठोड्यात बांधून निघाले. एस.टी. स्टँडवर मेहकरच्या गाडीत चढले होते. मी आणि कंडक्टरने मिळून उतरवलं. संध्याकाळपर्यंत विसरले. पण ते रडले होते, ते मी विसरलो नाही.

पाडव्याच्या सकाळी कागद वाचता वाचता त्यांचं बोट नवव्या कलमावर थांबलं. कलम समोर ठेवून त्यांनी त्यावरून नोटीस उतरवली, काय अक्षर म्हणून सांगू! बजावणी कशी करायची ते मलाच विचारलं. मी सवयीने सांगितलं, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. आणि पोच म्हणून सहीसुद्धा केली. जन्मभर लोकांकडून सह्या घेतल्या, स्वतःवर वेळ आली तेव्हा नाही म्हणायचं सुचलंच नाही. २५ तारखेला महिना भरतो. दारावर खडूने रोज एक रेघ ओढतात. ती मात्र विसरत नाहीत.

गुलाम रसूलला विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे. त्यांची अक्कलहुशारी गेली असा डॉक्टरचा दाखला लावा, नोटीस रद्दी. मी तिथून उठून आलो. हातात पडेल तो कागद ते वाचतात, पुडीचासुद्धा. तो दाखला ते खणखणीत आवाजात मला वाचून दाखवतील. मी नोटीस मानली नाही तर? तसाही विचार केला. पण परका माणूस हटत नाही म्हणून ते काठी मांडीवर घेऊन बसून राहतील, जेवणार नाहीत. आणि मी खरंच गेलो तर त्यांची भाकरी कोण करणार? भिलाईला नेऊ नकोस. तिथे ते रस्त्यावर निघून जातील आणि कोणाला गावाचं नावसुद्धा सांगू शकणार नाहीत. मला कुठूनच वाट दिसत नाही, बाई.

म्हणून हे पत्र. तू २४ ला मलकापूरला उतर, तिथून एस.टी. धर. त्याच दिवशी सकाळी मी माझी ट्रंक घेऊन इथल्या स्टँडवरच बसलेला असेन, नोटिशीप्रमाणे खोली सोडून. आपण दोघं घरी जाऊ. त्यांच्यासमोर माझ्या पाया पडू नकोस, डोक्यावर पदर घेऊ नकोस, मामाजी म्हणू नकोस. एवढंच म्हण, बाबा, हा म्हातारा स्टँडवर भेटला, बरा दिसतो, याला खोलीत वाटेकरी ठेवून घ्या. तुझं ते ऐकतील. नवा स्टँपपेपर मी आणून ठेवला आहे. या वेळी त्यात नोटिशीचं कलम नाही. लिहून घेणार तुझे बाबा अर्जुनराव, आणि लिहून देणार म्हणून माझं एकट्याचं नाव घालायचं, तसं गुलाम रसूलला सांगून आलो आहे. साक्षीदाराची जागा तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे.

अनेक आशीर्वाद. हा शब्द तुझ्या बाबांच्या जुन्या पत्रात बघून उतरवला आहे, या वेळी बरोबर असेल.

तुझाच,
मामाजी