गोदामातली गेरूची रेघ

आप्पा,

आज संध्याकाळी आपल्या ग्राहक भांडाराची सभा आहे आणि सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. तुम्ही जिथं जन्मभर गोदाम सांभाळलंत तिथं आता मी अध्यक्ष आहे. वर मलकापूरकडे पावसानं जोर धरलाय. दर तासाला फोनवर बंधाऱ्याची पाणीपातळी बघते.

मी तिसरी-चौथीत असेन. पूर ओसरलाय, गोदामाच्या ओल्या भिंतीवर पाण्याचा डाग उरलाय, त्याच्यावरून तुम्ही गेरूची रेघ ओढताय आणि मी वाटी धरून उभी आहे. पुढं दर पावसाळ्याआधी पोती त्या रेघेच्या वरच्या फळीवर चढायची. त्याच पुरात, टंचाई असताना, मी घरासाठी साखर बाजूला काढून ठेवली होती. तुम्ही ती रांगेतल्या सगळ्यांदेखत परत पोत्यात ओतलीत. "दुकान सगळ्यांचं हाय. आपलं शेवटी." मला ते फार लागलं होतं.

गेल्या पावसाळ्यात पाणी रेघेच्या वीतभर वर आलं. फळीवरची तूरडाळ फुगून पोती उसवली, आणि बाहेर डाळ महागली तेव्हाच नेमकी सभासदांना देण्यासारखी आपल्याकडे नव्हती. "रेघ तुमच्या वडलांची व्हय," शेजारच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी पुरानंतरच्या सभेत म्हणाल्या, "पर पाण्याला कुणी दावली हुती काय?" सगळे हसले. मीही हसले.

आता संचालक म्हणतात, भांडार हायवेकडे उंचावर न्यावं. पण मग नदीकडच्या म्हाताऱ्या सभासदांना किलोभर रव्यासाठी रिक्षा करावी लागेल. तरुण तर आधीच फोनवरून घरपोच मागवतात. मग भांडार उरेल कुणासाठी? माझा प्रस्ताव वेगळा आहे: दुकान इथंच राहू दे, पण पावसाळाभर उंचावरच्या गल्लीतल्या सभासदांनी एकेक पोतं आपल्या घरी ठेवावं आणि पूर आला की तिथूनच सगळ्यांना वाटावं. एका संचालकांनी विचारलं, "आणि उंदरानं खाल्लं म्हणाले, तर उंदराला बी सभासद करायचं काय?" मी म्हटलं, आपण माणसांवर विश्वास ठेवायला हवा. तेव्हापासून माझंच वाक्य मला टोचतंय.

कारण गेल्या वर्षी पुराच्या दिवशी धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप सकाळीच आला होता. पाणी या वेळी रेघ ओलांडणार, असा अंदाजही सांगितला होता. गोदामाची किल्ली माझ्याकडे होती. मी आधी आपल्या घरातलं सामान माळ्यावर चढवलं: पिठाचा डबा, पुस्तकं, तुमचा फोटोसुद्धा. गोदामाकडे निघाले तेव्हा दुपार झाली होती आणि गल्लीत गुडघाभर पाणी होतं. पुरानंतरच्या सभेत मी सांगितलं, रेघ चुकली. सगळ्यांना पटलं, कारण पाणी खरंच वर आलं होतं. पण तुम्ही बसवलेल्या फळीच्या वर आणखी एक फळी आहे, हे कुणाला आठवलं नाही. ती त्या दिवशी रिकामीच होती.

पहिलं पोतं माझ्या घरच्या माळ्यावर ठेवा, असं आज मी सभेत म्हणणार आहे. त्याआधी हे सांगायला हवं, हे मला कळतं. म्हणून आधी तुम्हाला लिहून बघितलं. हा कागद आता घडी घालून तुमच्या फोटोमागे ठेवते आणि निघते. सभेत तोंड उघडेल की नाही, अजून सांगता येत नाही. आपलं मी आधी केलं, आप्पा.