बिनखुणेचा झगा

मदिना, सोमवार दुपार

प्रिय सौसन,

हे पत्र वफीया तुझ्या हातात देईल. आमच्या शेजारच्या खोलीतली बाई. तोंडाने फटकळ आहे, तिच्या बोलण्याचा राग धरू नकोस, आणि चहा दिल्याशिवाय सोडू नकोस. घरी मुलगा आजारी आहे म्हणून ती उद्याच परत निघते आहे. आम्ही गुरुवारी पोचू. त्याआधी हे तुला कळायलाच हवं, म्हणून भर दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीत बसून लिहिते आहे. टेलिफोनवर सांगता आलं असतं, पण मागे पंधरा माणसं रांगेत उभी, आणि तू तिकडे रडायला लागलीस की माझ्याच्यानेही पुढे बोलवत नाही.

तुझे बाबा समोरच बसलेत. मांडीवर कुणा तुर्की माणसाचा सदरा आहे, त्याच्या बाह्या हाताने दाबून सारख्या करताहेत. तब्येत ठणठणीत आहे. जेवण व्यवस्थित, चालणं माझ्यापेक्षा भरभर. आम्ही निघताना तू औषधांचा जो डबा दिलास, तो जवळजवळ तसाच परत येईल.

तुझी बॅग भरायची तऱ्हा मात्र अजब. मला दोन झगे, त्यांना तीन पायघोळ गलाबिया, वर ऐटीत सांगितलंस, आई, रोज एक धूत जा. धुते आहे बाई. हातपाय धुवायच्या बेसिनमध्ये एक झगा भिजवला की दुसरं काही मावत नाही. जैतुनाचा साबण घरून आणला ते बरं केलं, इथला नुसता फेस करतो. दोरी आणली होती ती पहिल्याच दिवशी वफीयाने उसनी नेली आणि अजून तिच्याच खिडकीला आहे. गच्चीवर निम्मं जग वाळत असतं. नायजेरियाच्या बायकांचे पिवळेजर्द घोळदार झगे, इंडोनेशियाच्या म्हाताऱ्यांच्या चौकड्याच्या लुंग्या. त्या सगळ्यांत आपला एक तपकिरी झगा शोधायचा म्हणजे डोळ्यांना चांगलाच व्यायाम.

तू नको म्हणत होतीस. बाबांना एवढ्या लांब नेऊ नकोस, म्हणालीस, आणि मी तुझ्यावर खेकसले. म्हटलं, वय झालं की सगळेच किल्ल्या विसरतात. सौसन, किल्ल्यांचं मी सांगितलं, बाकीचं लपवलं. रमजानात एकदा ते ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरून तसेच बसून राहिले होते. कंडक्टरने ओळखून घरी आणलं. तेव्हाच मी ठरवलं की यांना घेऊन काब्यासमोर उभं राहायचं आणि एकच गोष्ट मागायची. तब्येत नाही, आयुष्य नाही. मागणं नेमकं असावं, उगाच पसरट नको, असं माझी आई म्हणायची. म्हणून मी माझं नाव घेऊन मागितलं, यांना इन्साफचा विसर पडू देऊ नकोस. गर्दीत रेटारेटी चालली होती, माझी एक चप्पल गेली, पण मागणं मी तीनदा म्हटलं.

मक्केत पहिले दिवस तर नुसती करमणूक झाली. उमरा झाला आणि पुरुषांनी आपापल्या इहरामच्या पांढऱ्या चादरी धुऊन गच्चीत टाकल्या. पुन्हा एकदा, आईवडिलांच्या नावाने, उमरा करायचा होता. तुझ्या बाबांनी त्या सगळ्या, चौदा माणसांच्या, दोरीवरून उतरवल्या, तोंडात पाणी भरून फुर्रकन फवारल्या, घड्या घातल्या आणि चळत रचून ठेवली. घड्या आपल्या इस्त्रीच्या दुकानातल्यासारख्या, सुरीने कापल्यागत. पण कुठली कुणाची, हे कसं कळणार? सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या, ना काठ ना शिवण. बाबा एकेक कोपरा उलटून बघत होते आणि घाबरेघुबरे झाले होते. मला म्हणाले, "बिनखुणेचं कापड घेतलं कुणी दुकानात? आता मी लोकांना काय तोंड दाखवू?"

मी खाली जाऊन चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी सुईदोरा काढला आणि आपणच वाटणी करून प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात खूण घालून टाकली. इहराममध्ये पुरुषाने शिवलेलं काही अंगावर घ्यायचं नाही, आणि त्याच कापडाला टाके. मग काय, आमच्या जथ्याचा म्होरक्या शुक्री कपाळाला हात लावून उभा. कारागीर म्हणून बाबांना इथेही सगळे उस्ताच म्हणतात. एक जण म्हणाला, "आता माझा उमरा उस्तांच्या दोऱ्याला लटकला." वफीया म्हणाली, "तुमची पापं शिवून टाकली त्यांनी, उपकार माना." शेवटी शुक्रीने एका शेखांना विचारलं. दोन टाक्यांनी कापड शिवलेलं होत नाही, असं ते म्हणाले, आणि सगळे शांत झाले. गंमत म्हणजे कुठल्या माणसाची कुठली खूण, हे बाबांच्या पक्कं ध्यानात होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तरी चौदाही खुणा बरोबर सांगितल्या. मी मनात म्हटलं, बघ, मागणं पोचलं.

तुला त्यांची ती खुणांची विद्या ठाऊक आहेच. लिहितावाचता येत नाही, म्हणून करमूजच्या दुकानात प्रत्येक घराचा वेगळा दोरा. तुझ्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ट्राम कंडक्टरच्या गणवेशाला दोन निळे टाके होते. घराला एक खूण पुरते. पण मी सतरा वर्षांची असताना एकदा माझा झगा परत आला, आणि त्याच्या आतल्या शिवणीत दोन निळे टाके आणि मधे एक लाल. मला वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या खेपेला पुन्हा लाल. मग मला समजलं, आणि मी आईला काही सांगितलं नाही. आजोबांचं म्हणणं एवढंच की पोरगा चांगला आहे, पण कॉलरला नीट इस्त्री करता येत नाही. दर खेपेला एक सदरा मला परत न्यावा लागायचा. लग्न झालं आणि ती खूण बंद झाली. विचारलं तर म्हणाले, घरच्या कपड्याला कशाला हवी खूण. तू तेवढी हट्टी. शाळेत जाताना मलाही पाहिजे म्हणून भोकाड पसरलंस आणि पिवळा टाका घालून घेतलास.

इथे मदिनेत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी दोन्ही झगे धुऊन वाळवले आणि पलंगावर टाकले. बाबांनी एक उचलला, शिवण उलटली, दुसरा उचलला, तोही पाहिला, आणि दोन्ही खिडकीत नेऊन ठेवले. ज्यांचा मालक ठाऊक नाही ते कपडे दुकानात खिडकीतच असायचे, आठवतं ना? मग माझ्याकडे वळून, म्हाताऱ्या गिऱ्हाइक बाईला म्हणायचे तसं, फार अदबीने म्हणाले, "हाजा, हे तुमचे का? खूण नाही हो यांना." मी हसले. म्हटलं, थट्टा पुरे. ते हसले नाहीत. तुम्ही बसा, म्हणाले, सापडेल, आमच्याकडे कुणाचं काही हरवत नाही.

मी बेसिनचा नळ सोडून बराच वेळ आत बसले. मग वफीयाकडून निळा आणि लाल दोरा मागून आणला आणि दोन्ही झग्यांच्या शिवणीत तेच टाके घातले. लाल टाका जरा तिरका गेला. वाटलं होतं, या वाटेने तरी माझ्यापर्यंत येतील. आणि खरंच, त्यांनी शिवण उलटली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला सतरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. "हे इन्साफचं," म्हणाले. मी लगेच तो झगा अंगावर चढवला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

सौसन, त्यांनी माझी बाही धरली. इन्साफचे कपडे तुम्ही का घातलेत, कुणी दिले, ती कुठे आहे? आवाज चढत गेला. पंचेचाळीस वर्षांत या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. दारात लोक जमले. मी सांगत राहिले, मीच इन्साफ, आणि ते लोकांना सांगत राहिले, बघा, बाई खोटंही बोलते. शेवटी वफीयाने मला तिच्या खोलीत नेलं आणि स्वतःचा जांभळा झगा दिला. माझ्या दीडपट आहे तो. माझे दोन्ही झगे तेव्हापासून बाबांच्या गादीखाली आहेत, घडी मोडू नये म्हणून.

आज पाच दिवस झाले. मी त्यांच्या लेखी या जागेत काम करणारी कुणी बाई आहे. ताट वाढून देते, चहा देते, ते आभार मानतात. रात्री मी वफीयाच्या खोलीत जमिनीवर निजते, कारण परक्या बाईबरोबर एका खोलीत राहायला ते तयार नाहीत. दिवसा मात्र गप्पा मारतात. इन्साफबद्दल बोलतात. ती दाराशी उभी राहायची, ओल्या फरशीवर पाय ठेवायची नाही, आणि ट्राम बघते आहे असं दाखवायची. आणि काय म्हणाले माहीत आहे? "तिच्या बापाची एक कॉलर मी मुद्दाम कच्ची ठेवायचो, म्हणजे ती पुन्हा येईल." पंचेचाळीस वर्षांत हे मला कधी सांगितलं नाही, आणि आता जेवण आणून देणाऱ्या बाईला सांगितलं. मला आनंद झाला, सौसन, खोटं कशाला सांगू, आणि लगेच इतकं रडू आलं की मी भांडी घेऊन बाहेर पडले. काल धीर करून म्हटलं, उस्ता, इन्साफने मला पाठवलंय, तिचे कपडे द्या. ते म्हणाले, "तिलाच येऊ द्या, हाजा. तिचे कपडे मी दुसऱ्याच्या हाती देत नाही."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या वेळी टेलिफोनवर तू म्हणालीस, विमानतळावर मी माझा जुना, पिवळ्या टाक्याचा रुमाल बांधून येते, बाबा गर्दीतसुद्धा ओळखतील. तो बांधू नकोस. ते रुमाल ओळखतील, तुला नाही. सगळ्यांसमोर तुझा हात धरून विचारतील, माझ्या छोट्या मुलीचा रुमाल तुझ्याकडे कसा, ती कुठे आहे. तू साध्या कपड्यांत ये, हातात धुण्याचं एखादं गाठोडं घे. बाबा म्हणू नकोस, उस्ता म्हण. विचार, शनिवारपर्यंत मिळतील का. गिऱ्हाइकाशी ते फार गोड बोलतात, तुला बसायला जागा देतील, पाणी विचारतील. तेवढं तरी तुला मिळू दे. आणि माझ्या कपाटातला राखाडी झगा घेऊन ये. वफीया तिचा जांभळा परत मागत नाहीये, पण तो घालून मला आपल्या गल्लीत शिरायचं नाही. आणण्याआधी शिवण उलटून नीट बघ, त्याला कुठे खूण नसावी. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं आहे, बाळा. त्यांना इन्साफचा विसर पडलेला नाही.

तुझीच,
आई