ढग न निघालेले दिवस

सोमवार, २ डिसेंबर २०२४

१. सकाळी जयसिंगपूरला उतरले. तिथून शिरोळजवळच्या चुंबकीय निरीक्षण केंद्रात आले.
२. केंद्रप्रमुख उदयसिंह सरांनी नोंदवही दिली आणि ते कोल्हापूरला परतले.
३. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राजवळ लोखंड चालत नाही. घड्याळ, पिना फाटकावरच्या डब्यात ठेवल्या.
४. चहूकडे ऊस. खोली स्वच्छ, उजेड भरपूर. खूश आहे.

बुधवार, ४

सूर्यावर ज्वाला भडकली की तिचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो. कधी तिच्यासोबत सूर्य भारित कणांचा ढगही फेकतो. तो आपल्या दिशेने आला, तर दोन-तीन दिवसांनी पोचतो आणि यंत्रावरची रेघ उडते. ढगच निघाला नाही, तर रेघ सपाट राहायला हवी.

आधीचा निरीक्षक प्रसेनजीत याने अशा बिनढगाच्या तीन ज्वालांपुढे अंतरं लिहिली आहेत. चाळीस मीटर, बावीस, नऊ. कशाची, ते लिहिलेलं नाही. तो न सांगता गेला म्हणे. बॅग अजून कपाटात आहे.

सोमवार, ९

ज्वाला. ढग नाही. उपग्रहाची चित्रं दोनदा पाहिली.

बुधवार, ११

रेघ उडाली. इतर केंद्रांच्या रेघा सपाट, म्हणजे कारण इथेच, जवळ. पंप, ट्रॅक्टर, ऊसतोडीच्या गाड्या तपासल्या. काही नव्हतं. रेघेच्या उडीवरून अंतर काढायचं प्रसेनजीतचं गणित वहीत सापडलं, तेच लावलं. सहा मीटर.

डबा आणणाऱ्या बनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्याडम, माझा इळा घ्या की उशाला. त्या पावण्यालाबी सांगितलतं, तर हसला. तुमी तरी हसू नगा."

हसले नाही. विळाही घेतला नाही. नोंद बिघडली असती.

शनिवार, १४

पुन्हा ज्वाला. ढग नाही. तीन दिवस झोप नाही. तपासायचं आता काही उरलं नाही.

सोमवार, १६

केंद्र सोडून जयसिंगपूरला गेले. भर दुपारी स्टँडवर बसले. मोबाईलच्या होकायंत्राचा काटा वळला, माझ्या मागे थांबला. मागचं बाकडं रिकामं. त्याच गणिताने चार मीटर — केंद्रापासून नव्हे. माझ्यापासून.

परत आले. कुठेही तेच.

मंगळवार, १७

११.४२ ज्वाला. ढग नाही.

उदयसिंह सर, ही वही बनाबाईंकडे देते. केंद्र बंद करा. माझ्या जागी कुणाला पाठवू नका — त्याची मोजणी चाळीसपासून नाही, माझ्या शेवटच्या आकड्यापासून सुरू होईल. माझी प्रसेनजीतच्या नऊपासून झाली तशी. उद्या, बुधवारपर्यंत उत्तर द्या. ज्वालेनंतर ते दोन दिवसांनीच येतं, म्हणजे गुरुवार, तोवर मी —

११.५० रेघ —

आजच — दोन मीटर —